लावीचं नववं कडवं

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. सव्वाआठ वाजले तरी एडना पलंगावरच होती, एक मोजा पायात आणि दुसरा हातात. दारात उभी असलेली डल्सी दातओठ खात होती.

"अक्का, आवर की गं आता."

"आवरतेच आहे. पाय बघ माझे, नुसती मडकी झालीत. तुझ्यासारख्या काड्या असत्या तर कालच निघाले असते."

"मोजा गाडीत घाल."

"घालीन. शेपट्या घेतल्यास का?"

"घेतल्या. दोन."

"दोनच?"

"दोनच. कांगारूच्या आहेत, उंदराच्या नाहीत. ऊठ."

एडनानं मोजा मांडीवर ठेवला. "मामाच्या घरी नेतेस आणि जेवायला मोजून घालतेस होय गं?"

बाहेर गाडीत डल्सीची लेक रोशेल स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. तिला हसायला काय जातंय, डल्सीच्या मनात आलं. गाडी मिळवायला तीन आठवडे गेले होते. डिझेल, पीठ, चहा, साखर, पाण्याची तीन पिंपं, अंगावर पट्टे काढायची पांढरी माती, सगळं तिनं एकटीनं जमवलं होतं. आता कशात काही अडलं होतं तर ते या मोज्यात.

एडनाची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला चार वर्षं झाली. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ती शहरातल्या दवाखान्यात पाच-पाच तास मशीनला जोडून बसते. मशीन गावात नाही, म्हणून एडनाही गावात नाही. शनिवारचं मशीन झालं की रविवार आणि सोमवार मोकळे मिळतात, आणि मंगळवारी सकाळी सातला पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. या दोन दिवसांत साडेतीनशे किलोमीटर जायचं, गायचं, शिकवायचं आणि तेवढंच परत यायचं होतं. त्यातले सव्वादोन तास मोज्यानं खाल्ले होते.

गाणं लावी पाखराचं होतं. जग नवं होतं तेव्हा एक लावी तहानेनं व्याकूळ होऊन पिलांसकट पश्चिमेला निघाली. वाटेत नऊ ठिकाणी थांबली, आणि नवव्या ठिकाणी तिनं कोरड्या नदीची वाळू उकरली तेव्हा पाणी लागलं. तो झिरा अजून आहे आणि लावीही तिथंच बसलेली आहे. नऊ जागांची नऊ कडवी. कडवं दोनच ओळींचं असतं, पण राखणदारीण 'पुरे' म्हणेपर्यंत तेच ते फिरवायचं. ज्याच्या तोंडात हे गाणं आहे तो उपाशीतापाशीही झिऱ्यावर पोचतो, आणि ज्याच्या तोंडात नाही तो तिथून चार पावलांवर तहानेनं मरतो. डल्सीच्या बापानं हे गाणं जज्जासमोर म्हटलं होतं आणि त्यावर सरकारनं जमीन परत दिली होती. सगळी नाही, सहाव्या जागेपासून पुढची. पाचवी राहिली गुरांच्या एका मोठ्या कंपनीच्या कुंपणात. लावी चालली तेव्हा कुंपण नव्हतं हे जज्जाला पटलं, नकाशाला पटलं नाही.

तर गाणं बापाकडून येतं, म्हणून डल्सी मालकीण. पण मालकानं आपल्या मनानं तोंड उघडायचं नाही. राखण असते घरातल्या लेकीबाळींच्या मुलांकडं. गाणं मामाचं आणि चूक काढायचा हक्क भाच्याचा, अशी ही वाटणी आहे. अंगावर पट्टे ओढणार भाची, 'थांब' म्हणणार भाची, 'पुन्हा' म्हणणार भाची. एडना डल्सीच्या आत्याची मुलगी, आणि लावीची राखण जाणणारं माणूस आता तेवढं एकच उरलं होतं. नववं कडवं तर राखणदारीणच उचलते, मालकीण मागून सूर धरते. डल्सीनं ते दोनदाच ऐकलं होतं, दोन्ही वेळा लहानपणी. तिची लेक म्हणून रोशेल जन्मानंच राखणदार होती, पण गावातल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून कुणी राखण शिकत नाही. एडनानं ती तिच्या हाती द्यायला हवी होती.

आणि एडना देत नव्हती. चार वर्षांपूर्वी गावात शाळेची नवी इमारत झाली, तेव्हा डल्सीला कुणीतरी दोन कडवी गायला सांगितलं. एडना नुकतीच शहरात मशीनला लागली होती. दोनच तर आहेत, असं मनाशी म्हणत डल्सीनं गायली. तिसऱ्या दिवशी फोन आला. "मी मेले होते का गं?" एवढंच विचारून एडनानं फोन ठेवला आणि गाणं बंद केलं. राखणदारानं बंद केलं की बंद. डल्सीनं दंड म्हणून चार नवी ब्लँकेटं, पिठाची दोन पोती आणि साखर पाठवली. एडनानं ब्लँकेटं पांघरली, साखर खाल्ली आणि गाणं बंदच ठेवलं.

मग या थंडीत डॉक्टरनं तिचं हृदयही तपासलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "ये आणि मला ने. पोरीलाही आण." कारण सांगितलं नाही, आणि डल्सीनंही विचारलं नाही. चार वर्षांनी दार किलकिलं झाल्यावर कोण विचारतं?

पावणेनऊला गाडी हलली.

पहिली जागा महामार्गावरच्या पेट्रोल पंपामागची लाल टेकडी. मालाचे ट्रक घुरघुरत उभे, डिझेलचा वास, आणि मध्ये घडीच्या खुर्चीवर एडना राणीसारखी बसलेली. डल्सीनं तोंड टेकडीकडं केलं आणि सुरू केलं.

पाय टाकते, वाळू जळते,
पिलं मोजते, पाय टाकते.

"थांब," एडना म्हणाली. "लावी आहे ती, उंट नाही. हलकं टाक."

डल्सीनं हलकं टाकलं.

"आता झोपलीस. पुन्हा."

अकरा वेळा 'पुन्हा' झालं. मग रोशेलला म्हणायला लावलं आणि तिचंही पाच-सहा वेळा झालं. डल्सी घड्याळाकडं बघत होती. एका जागेला दीड तास लागला, तर नऊ जागांना किती, हे गणित तिनं मनातल्या मनात तीनदा केलं. ती सत्तर वर्षांची होती आणि तिला शाळेतल्या पोरीसारखं उभं केलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी न विचारता गायलं त्याचं हे फेडणं चाललं होतं.

तिसरी जागा म्हणजे एक उंचवटा. तिथं आता प्रवाशांसाठी बाक टाकला आहे आणि लोखंडी पाटीवर इंग्रजीत एक कविता कोरली आहे. एडना धापा टाकत बाकावर बसली आणि म्हणाली, "काय लिहिलंय गं? वाच."

रोशेलनं आपल्या भाषेत करून सांगितलं. "हे मुक्या, रिकाम्या देशा, तुला अजून कुणी हाक मारली नाही... असं आहे काहीतरी."

"कुणी लिहिलंय?"

"कवी आहे कोणी. दहा दिवस राहिला होता म्हणे इथं. बक्षीस मिळालंय कवितेला."

"दहा दिवसांत काहीच ऐकू नाही आलं त्याला?" एडना कळवळून म्हणाली. "बिचारा. आमच्या नर्सकडं पाठवायचा होता, कान धुऊन दिले असते."

रोशेल खो खो हसली. डल्सीला मात्र हसू येईना. तिच्या आजीच्या नाळेपासून हाडांपर्यंत सगळं या मातीत, आणि म्हणे रिकामा देश! तिच्या हातात हातोडा असता तर पाटी जागेवर राहिली नसती.

"पण शेवट बरा आहे, मावशी," रोशेल म्हणाली. "म्हणतो, मी गेलो खरा, पण माझा पाय निघत नव्हता."

"हं," एडना म्हणाली. "एवढं ऐकलं म्हणायचं त्यानं." मग कितीतरी वेळ ती पश्चिमेकडं बघत बसली. शेवटी डल्सीलाच म्हणावं लागलं, "अक्का, तिसरं."

चौथ्या जागेशी मुक्काम झाला. दोन्ही शेपट्या राखेत भाजल्या आणि त्यातली दीड एडनानं खाल्ली. डल्सी तिला पाणी मोजून देत होती, कारण नर्सनं तसं बजावलं होतं. एडना शिव्या देत होती, त्या मात्र मोजून नव्हत्या.

सोमवारी सकाळी पाचव्या जागेच्या फाटकाला साखळी होती. पूर्वी नुसती कडी असायची. आता चकचकीत कुलूप, शेजारी पाटी आणि पाटीवर फोन नंबर. फोनला रेंज नव्हती. दोन किलोमीटरवर ती पांढऱ्या खोडांची दोन झाडं इथूनच दिसत होती.

"इथूनच गाऊ," डल्सी म्हणाली. "दिसतंय की. तोंड तिकडं करते."

"नाही."

"मग पाचवं परत येताना गाऊ. आधी पुढं जाऊ."

एडनानं गाडीच्या खिडकीतून तिच्याकडं असं बघितलं की रोशेलनंही मान खाली घातली. "पाचवीत तिचं पिलू मेलं. ते तसंच टाकून पुढं जाईल ती? तू गेली असतीस?"

डल्सीचा मधला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी याच रस्त्यावर गाडी उलटून गेला होता. ती गाडीत बसली आणि दार आपटलं.

कंपनीचं घर तीस किलोमीटर मागं होतं. तिथला मॅनेजर वाईट माणूस नव्हता, तेच जास्त अवघड होतं. वाईट माणसाला शिवी तरी देता येते. त्यानं चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, की वरच्या ऑफिसला विचारावं लागेल. वरचं ऑफिस समुद्राकाठच्या शहरात होतं आणि तिथली बाई मीटिंगमध्ये होती. एक तास गेला. मग कागद आले. आत पडलात, सापानं चावलं, बैलानं मारलं तर कंपनी जबाबदार नाही, इथं सही करा.

"माझी आई तिथं जन्मली, त्या झाडांखाली," एडना म्हणाली.

"हो का? छान," तो म्हणाला. "जन्मतारीख या चौकटीत लिहा. म्हणजे तुमची."

"माझीही तिथलीच. तारीख झाडाला विचार."

त्यानं नम्रपणे स्वतःच एक जानेवारी लिहिलं. मग तिघींना पिवळी चमकती जाकिटं दिली. नियम होता, कुंपणाच्या आत जाकीट घातलंच पाहिजे.  मेलेल्या पिलाचं कडवं, जे गाताना बायका डोक्यात वाळू घालून घेतात, ते त्यांनी रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या वेषात गायलं. मॅनेजर दूर गाडीशी टोपी काढून उभा होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "सुंदर होतं. जाकिटं फाटकावर अडकवून ठेवलीत तरी चालेल." तोवर दोन वाजायला आले होते.

सहा, सात, आठ मात्र भराभर झाली. जमीन स्वतःची होती, फाटक नव्हतं, आणि रोशेलला काय झालं कोण जाणे, तिच्या तोंडात कडवी बसू लागली. आठव्या जागेवर डल्सीनं दुसरी ओळ जरा लांबवली तर एडनाच्या आधी रोशेलच म्हणाली, "थांब. इथं श्वास नाही घ्यायचा." म्हणाली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. एडना नुसती हुंकारली. डल्सीला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. अजून एकच राहिलं होतं.

साडेचारच्या सुमाराला झिरा आला. डल्सी गाडीतून उतरली आणि नदीच्या काठावरून तिनं तिथल्या गेलेल्या माणसांना मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बाबा, आत्या, मी आलेय! डल्सी! एडनाला घेऊन आलेय, तुमच्या नातीला आणलंय! त्रास देऊ नका!" मग तिनं आणि रोशेलनं कोपरभर वाळू उकरली. पाणी आलं, आधी गढूळ आणि मग स्वच्छ. डल्सीनं रोशेलच्या डोक्यावर ओंजळ ओतली, मग एडनाच्या. एडनानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"चल," शेवटी ती म्हणाली. "कपडे काढ. माती दे."

डल्सी कमरेपर्यंत उघडी होऊन समोर बसली. एडनानं पांढरी माती पाण्यात कालवली, दोन बोटं बुडवली आणि उजव्या खांद्यापासून छातीवर पट्टा ओढला. पट्टा सरळ आला. रोशेल शेजारी वाकून बघत होती. एक, दोन, तीन. माती गार होती आणि एडनाचं बोट गरम.

"उद्या मी येत नाहीय," एडना म्हणाली.

"कुठं?"

"खुर्चीत. मी इथंच राहते." चौथा पट्टा खांद्यावरून खाली आला. "मशीन सोडलं की आठ-दहा दिवस लागतात म्हणे. नर्सला विचारून घेतलंय मी. फार दुखत नाही, झोप येत राहते. हृदय असं असल्यावर कदाचित तेवढेही लागायचे नाहीत."

 डल्सीला हलता येत नव्हतं. पट्टे ओढताना हलायचं नसतं.

"माझ्या खोलीला एक खिडकी आहे," एडना सांगत होती. "तिच्यातून कचऱ्याचे डबे दिसतात. हिरवा आणि पिवळा. चार वर्षं मी त्यांच्याकडं तोंड करून हे गाणं मनात म्हणतेय. मला डब्यांसमोर नाही मरायचं, डल्सी." तिनं बोटं पुन्हा मातीत बुडवली. "पण जागा मामाची आहे. विचारल्याशिवाय राहायची नाही मी. म्हणून विचारते. राहू?"

हे खरंच होतं. गाणं बंद करणं राखणदाराच्या हातात असतं, पण झिऱ्यावर कुणी राहायचं आणि कुणाची हाडं इथं पडायची, हे मालकानं ठरवायचं. एडना वयानं मोठी, मानानं मोठी, पण इथं ती पाहुणी होती.

"आणि नववं?" डल्सीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली.

"देते की. आज संध्याकाळीच देते पोरीला. तू हो म्हण, आणि देते."

म्हणजे ही बाई मरायला आली होती. सुजलेले पाय घेऊन, त्या घरात दोन तास बिस्किटं चघळत बसून, ते पिवळं जाकीट घालून ती मरायला आली होती, आणि डल्सीला वाटत होतं शिकवायला आली आहे. शेपट्या, पाणी, मशीनची वेळ, सगळा हिशेब डल्सी परत जाण्याचा करत होती आणि एडनानं परतीचा विचारच केला नव्हता. डल्सीला इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. चार वर्षं एडना तिला 'नाही' म्हणत होती आणि तिनं ते खालमानेनं ऐकलं होतं. आता 'हो-नाही' तिच्या हातात आलं होतं. हो म्हटलं असतं तर गाणं राहिलं असतं, रोशेल पुरती राखणदार झाली असती आणि एडनालाही हवं ते मिळालं असतं. एका शब्दात सगळ्यांचं भलं होत होतं. फक्त एडना उरली नसती.

"नाही," डल्सी म्हणाली.

"डल्सी..."

"नाही म्हटलं ना! माझ्या बापाची जागा आहे आणि मी नाही म्हणतेय. ऊठ. गाडीत बस. सातला मशीन आहे."

 उजव्या बाजूचे चारही पट्टे झाले होते, डावी बाजू कोरी होती. एडनानं बोटं वाळूला पुसली, एकेक करून, नीट.

"मग माझंही झालं," ती म्हणाली आणि उठण्यासाठी रोशेलकडं हात केला.

परतीच्या वाटेवर रात्री चार-पाच तास गाडी कडेला लावून रोशेलनं झोप काढली. डल्सीनं अर्ध्या रंगावरच स्वेटर चढवला होता आणि माती वाळून कातडी ओढत होती. मागच्या सीटवर एडना डोळे मिटून होती, झोपली होती की नव्हती ते कळत नव्हतं. डिझेल भरायला थांबल्या तेव्हा रोशेलनं आईला पंपाच्या मागं गाठलं.

"आई, तिला हवं ते दे ना गं. तिचं मरण तिचं आहे."

"मरण तिचं, जागा माझी."

"आणि गाणं? गाणं गेलं तर जागा कसली? तूच म्हणतेस ना, लहानपणापासून हेच तर ऐकवतेस!"

"तू गाडी चालव," डल्सी म्हणाली.  रोशेलचं खरं होतं, आणि ते खरं आहे याचाच तर संताप होता.

सात वाजायला वीस मिनिटं असताना त्या दवाखान्याच्या दारात पोचल्या. नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली. एडना तिला म्हणाली, "वजन जास्त भरेल, शेपटी खाल्लीय." डल्सीकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

तो अर्धा रंग डल्सीनं धुतला नाही. चार-पाच दिवसांत घामानं आपोआप गेला.

त्या गुरुवारी गावातल्या दुकानात रोशेलचा मोबाइल वाजला. गल्ल्यासमोर पाव आणि मटणाचे डबे घेऊन पाच-सहा माणसं रांगेत होती. "मी खुर्चीत बसलेय, पाच तास काढायचेत," एडनाचा आवाज आला. "दुकानाच्या मागं जा, लाल टेकडीच्या दिशेला तोंड कर आणि पहिलं म्हण." रोशेल गल्ला तसाच टाकून मागं गेली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. पाऊण तास माणसं पाव हातात धरून उभी राहिली आणि मागच्या बाजूनं येणारं ऐकत राहिली. एडनाचं 'पुन्हा' तर फोनमधूनही दारापर्यंत येत होतं.

तेव्हापासून हे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी होत असतं. पहिल्यापासून आठव्यापर्यंत. आठवं झालं की एडना म्हणते, "आता आईला विचार." डल्सी दुकानाच्या ओसरीवर बसलेली असते. त्या दिवशी ती दुकान उघडण्याआधीच येऊन बसते. एडना तिच्याशी बोलत नाही, तिला फोन दिला तर गप्प बसते. मग रोशेल मधला निरोप्या होते.

"मावशी विचारतेय, राहू का?"

"नाही सांग."

"ती म्हणते, मग नववं नाही."

"नसू दे."

गावातल्या म्हाताऱ्या बायका डल्सीला नावं ठेवू लागल्या. बापाचं गाणं बुडवायला निघाली म्हणाल्या. एडनाची अडवणूक करते म्हणाल्या. दोन्ही खरं होतं. डल्सी सगळ्यांवर खेकसत होती, कुत्र्यांवरसुद्धा. रात्री अंथरुणात ती ते नववं कडवं आठवायचा प्रयत्न करायची. दोनदा ऐकलेलं, सहा-सात वर्षांची असताना. सूर यायचा, शब्द यायचे नाहीत. मग तिला एडनाचाच राग यायचा.

अकराव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी रोशेल लवकरच ओसरीवर आली. फोन हातात धरलेला, तोंड उतरलेलं.

"आई, आज ती फक्त दोनदा 'पुन्हा' म्हणाली. मी सहाव्यात चुकले तरी काही बोलली नाही. आवाज अगदी बारीक झालाय गं." तिनं फोन पुढं केला. "विचारतेय."

डल्सीनं फोन घेऊन कानाला लावला. पलीकडं एडना होती, नेहमीसारखीच गप्प. तिचा श्वास ऐकू येत होता, दमलेला, मध्येच अडखळणारा. त्याच्या मागं मशीन चालू होतं, घर्र, टक, घर्र, टक. डल्सी बराच वेळ ऐकत राहिली. तिचा एक हात ओसरीच्या खांबाला धरलेला होता. मग तिनं फोन लेकीच्या हातात परत दिला.

"नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि म्हणावं, गुरुवारी परत विचार."